घरातील अबोल आजार

शेजारच्या बाई खिन्नतेच्या विकाराने पुन्हा अंथरुणाला खिळल्या आहेत. आणि त्यांची धाकटी मुलगी शाळेतून येताच, पाठीवरचे दप्तर उतरवण्यापूर्वी, आईच्या खोलीच्या दाराशी थबकून आतल्या हालचालीचा अदमास घेते, हे आज मी पुन्हा पाहिले. वडीलधाऱ्यांच्या मनःस्थितीची अशी अहोरात्र टेहळणी करणारे मूल अकाली प्रौढ होते. आणि घरात कोणीच खरे बोलत नसल्यामुळे, आईच्या दुःखाचे कारण आपणच, असा निवाडाही ते मनाशी परस्पर करून टाकते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, उपचारार्थ दाखल झालेल्या मातेपासून तीन वर्षांखालील अपत्यास सामान्यतः विलग करू नये, अशी तजवीज केली, हे योग्यच; परंतु त्याहून मोठ्या मुलांची काळजी आप्तेष्टांनीच वाहावयाची आहे. हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि त्यावर इलाज चालू आहे, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याचे जेवण, शाळा व खेळ यांचा नित्यक्रम एखाद्या मावशीने वा शेजाऱ्याने सांभाळावा. आणि शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला घेण्यास कोणी संकोचू नये. रुग्णाच्या समाचारास जाणाऱ्याने त्या घरातील मुलाचीही विचारपूस करावी, एवढीच विनंती.