शिशाची मारुती

बॅटरीच्या लेबलवर १५० अँपिअर-अवर असं ठळक छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण ते घरातल्या इन्व्हर्टरपुरतं खरं. साडेसात अँपिअरनं सावकाश वीस तास वापरली तर बॅटरी तेवढी वीज देते. आम्ही बॅटरीवर चालणारी केलेली मारुती ८०० चढाला शंभरावर अँपिअर ओढायची, आणि अशा ओढीला कागदावरचा दीड तास तासाच्याही आत आटपतो. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ सालीच हे सूत्रात मांडून ठेवलंय.

बाकी काम तुलनेनं सोपं होतं. इंजिन उतरवलं, भंगारातल्या फोर्कलिफ्टची डीसी मोटर मिळाली, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्यानं ती गिअरबॉक्सला जोडायची प्लेट झकास करून दिली. अडलं ते वजनाशी. ७२ व्होल्टसाठी सहा ट्युब्युलर बॅटऱ्या, एकेक पन्नास किलोच्या वरची. मूळ गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास. मागची सीट गेली, स्प्रिंग बसले, ब्रेक लागायला जास्त अंतर लागू लागलं. आरटीओच्या मंजुरीशिवाय असली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून ती मळ्यातच फिरायची.

पावसाळ्यानंतर पल्ला अचानक निम्म्यावर आला. मिस्त्रींनी बिडी बाहेर विझवली (चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी नको) आणि एकेका सेलचं बूच काढून अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवायला घेतला. १२६०, १२५०, १२६०... पाचव्या बॅटरीच्या तिसऱ्या सेलला तरंगणारी काचेची नळी पार खाली गेली. ११६०. बाहेरून तपासताना मात्र तीच बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती.

"दादा, जोडीतला एक बैल बसला की गाडी बसलीच," मिस्त्री म्हणाले.

झालंही तसंच होतं. माळेत सगळ्या बॅटऱ्यांतून सारखाच करंट वाहतो. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला तसंच पुढं रेटतात, आणि तो उलटा चार्ज होऊन कायमचा मरतो. दुकानदार म्हणाला, एकच नवी टाका. टाकली असती तर जुन्यांच्या संगतीत तीही लवकर म्हातारी झाली असती. पूर्ण संच बदलला. जुन्या बॅटऱ्या शिशाच्या भावानं दुकानदारानंच परत घेतल्या. त्या उचलताना उडालेलं अ‍ॅसिड तेव्हा दिसलंच नाही. शर्ट धुतल्यावर पोटापाशी चाळणी झालेली दिसली.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच तेवढीच वीज साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात देतो. रोज वापरायची गाडी करायची तर आज शिशाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायचं असेल तर मात्र जरूर जा. फक्त सहाही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच बॅचच्या घ्या, आणि व्होल्टमीटरच्या आधी हायड्रोमीटर विकत आणा.