धोकटीतलं आणि भिंतीवरलं

धोकटी. जाड कातड्याची, खांद्याला अडकवायची. आत वस्तरा, दोन कात्र्या, फणी, चिमटा, कानकोरणं, नराणी, धार लावायचा दगड, पितळी वाटी आणि कडेनं पारा उडालेला आरसा. देवास-धारच्या मराठी वाड्यांत, पवारांच्या मागोमाग अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या घरांत, रविवारी सकाळी ती ओसरीवर उतरायची. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची डोकी एका बैठकीत व्हायची. वाडे पडले, ओसऱ्या गेल्या, धोकटीला टेकायला जागा उरली नाही. पुढं नोकरीनं मला उदयनगरला नेलं. देवास जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचं हे गाव. विंध्याचा उतार संपत येतो, पुढं नर्मदा. तिथल्या हाटात, झाडाखाली पोतं अंथरून बसलेल्या एका म्हाताऱ्या सेनजींजवळ मला धोकटी पुन्हा दिसली. माळव्यात न्हाव्याला मानानं सेनजी म्हणतात. संत सेना महाराजांचं नाव समाजानं आडनाव म्हणून लावलं आहे. श्रावण वद्य द्वादशीला महाराजांची पुण्यतिथी, त्या दिवशी धोकटीची पूजा व्हायची. आता हाटात धोकटी नाही.

नराणी. बोटभर लांबीचं लोखंड, टोकाला चपटं आणि धारदार. सेनजी आधी बोटं वाटीतल्या पाण्यात भिजवायला लावत. मग डाव्या अंगठ्यानं नखाखालचं मांस मागं दाबून धरायचं आणि नराणी एका कडेनं आत घालून हळूहळू पुढं सरकवायची. नख अख्खं, एका तुकड्यात सुटायचं. रक्ताचा थेंब नाही. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायाचं नख नेलकटरच्या तोंडात मावत नाही. म्हणून हाटाला येणारे भिलाला-बारेला शेतकरी शेवटपर्यंत नराणीचं गिऱ्हाईक राहिले. पाय दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून ते दहा मिनिटं निवांत बसलेले असत. आठवड्यात तेवढीच बैठक त्यांच्या वाट्याला येत असावी.

वस्तरा, आणि गावातल्या दुकानात खुर्चीच्या हाताला बांधलेला चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर वस्तरा उलटा-पालटा फिरायचा, त्याचा पटपट आवाज सुरू झाला की खुर्चीतला माणूस आपोआप मान मागं टाकून डोळे मिटायचा. साबणाचा फेस ब्रशनं गालावर चढवणं हे वेगळंच काम होतं. घाई केली तर दाढी भिजत नाही आणि न भिजलेली दाढी वस्तऱ्याला अडते. हनुवटीखाली हात आला की बोलणं थांबे, दोघांचंही. गळ्यावर उघडं पातं घेऊन माणूस असा निर्धास्त बसतो, ही मला त्या दुकानातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटत आली आहे. १९९० च्या दशकात एड्सचा प्रचार खेड्यापाड्यांत पोचला, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा नियम झाला आणि अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. झालं ते योग्यच. जीव वाचले असतील. पण धार लावणारा हात त्यानंतर कुणाला लागेनासा झाला, आणि गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून ब्लेडचा कागद फाटतो की नाही ते बघू लागलं.

तुरटी. दाढी झाल्यावर ओल्या गालावर फिरवलेला पांढरा, घासून गुळगुळीत झालेला खडा. एकच खडा, सगळ्यांना तोच. चुरचुरायची. जिथं जास्त चुरचुरलं तिथं वस्तरा लागलाय हे कळायचं. आता फवाऱ्याची बाटली.

टॉवेल. खांद्यावरचा, सकाळी पांढरा, संध्याकाळी नाही. एप्रिल २०२० मध्ये नर्मदेपलीकडच्या खरगोन जिल्ह्यातल्या बडगावात एकाच कापडामुळं सहा जणांना करोनाची लागण झाल्याची बातमी आली. कटिंग-दाढीला आलेली ही माणसं. देशभर ही बातमी छापली गेली. त्यानंतर कित्येक दिवस लोक घरून पंचा घेऊन जात, मग कागदासारखी पातळ, एकदाच वापरायची चादर आली. तो टॉवेल गेला, उत्तम झालं. मात्र त्याच्यासोबत हिवाळ्यात शेगडीवरच्या पातेल्यात बुडवून, पिळून तोंडावर ठेवायचा गरम टॉवेलही गेला. त्याची चूक नव्हती.

हातमशीन. मानेला लागलं की शहारा यायचा. दोन दांड्या दाबत-सोडत पुढं सरकवायची. हात थांबला आणि मशीन ओढली गेली तर केस मुळासकट यायचे. म्हणून लहान मुलं रडत. विजेच्या ट्रिमरनं मुलांचं हे रडणं थांबवलं, त्याबद्दल मी ट्रिमरचा ऋणी आहे.

फळी. मुलांना बसवायला खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकलेली. ती काढून थेट खुर्चीत बसवलं तो दिवस प्रत्येक पोराला आठवतो.

वार. मराठी घरांत आई सोमवारी आणि शनिवारी केस कापू देत नसे. माळव्यात मंगळवारी दुकानच बंद. गुरुवारी दत्ताचा वार म्हणून नको, अमावस्या-एकादशी नको. उरले ते दिवस गावभर सारखेच, त्यामुळं रविवारी बाकावर जागा मिळत नसे, आणि बाकावर जागा नसणं म्हणजेच गावाची भेट. आता सलून सातही दिवस उघडं, फोनवर वेळ घेऊन जायचं, गेल्यावर बाकावर कोणी नसतं.

त्या बाकावरचा पेपर. इंदूरची ‘नई दुनिया’, ५ जून १९४७ पासूनची. राहुल बारपुत्यांसारखा मराठी माणूस तिचा संपादक होता, हे आमच्या घरांत अभिमानानं सांगत. दुकानात पेपर अखंड कधीच नसायचा. पानं सुटी होऊन चौघांच्या हातात, अग्रलेख एकाकडे, मंडीचे भाव दुसऱ्याकडे. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी दुकानातले सेनजी स्वतः, कात्री न थांबवता, सोयाबीनचा भाव मोठ्यानं विचारून घेत. भिंतीवरच्या फळीवर रेडिओ. इंदूर आकाशवाणीवरचे नंदाजी-भेराजी माळवीत शेतीचं बोलायला लागले की दुकानातली माणसं मधेच त्यांना उत्तरं देत. खत कधी टाकायचं यावर खुर्चीतला अर्ध्या दाढीचा माणूस भांडायला उठल्याचं मी पाहिलं आहे.

आरशाच्या वर डकवलेले हिरो. कानावरून केस घेतलेला अमिताभ, मानेपर्यंत वाढवलेला संजय दत्त. २००३ साली ‘तेरे नाम’ आला आणि मधोमध भांग पाडलेला सलमान खान, जन्मानं इंदूरचा, गावोगाव भिंतीवर चढला. होळीआधी भगोरियाच्या हाटांच्या दिवसांत पोरं त्याच्याकडे बोट दाखवून खुर्चीत बसायची. आता पोरगा मोबाइल पुढं धरतो आणि त्यात क्रिकेटपटू असतो. भिंत रिकामी, स्वच्छ, पांढरी.

वेगळी कात्री. हिचीही नोंद केली पाहिजे. गावात दलिताचे केस कापायचे नाहीत, कापले तर दुकानाबाहेर, वेगळ्या कात्रीनं, वेगळ्या वाटीतल्या पाण्यानं. माळव्यातही हे होतं, महाराष्ट्रातही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत एस. नागप्पांनी विचारलं, की दुकानात प्रवेशाच्या हक्कात धोब्याचं, न्हाव्याचं काम येतं का? डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं, की जो कोणी सेवा देऊ करतो तो त्यात आला. पुढं अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा झाला. तरी अशा नकाराच्या बातम्या मध्य प्रदेशातल्या खेड्यांतून अजून येतात. या यादीतली ही एकच गोष्ट अशी, जी गेली असं लिहायची मला घाई आहे आणि लिहिता येत नाही.

मागीलदारी येणारी धोकटी. विधवांच्या केशवपनासाठी. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी सभेला जमले आणि हे काम करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांची रोजी त्यावर होती त्यांनीच हात आवरला. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग मला कधी भेटला नाही.

मान मोडणं. चंपीच्या शेवटी हनुवटी आणि डोकं धरून दिलेला झटका. कट असा आवाज आला की पैसे वसूल. मानेतली रक्तवाहिनी अशानं फाटू शकते, असं डॉक्टर सांगतात. जाऊ दे.

न सांगता बसणं. वर्षानुवर्षं एकाच हाताखाली डोकं दिलं की काही सांगावं लागत नसे. डोक्यावरचा भोवरा डावीकडे फिरतो, कानामागं जुन्या जखमेची खूण आहे, तिथं मशीन लावायची नाही, वडिलांचेही केस इथंच विरळ झाले होते. सगळं त्या माणसाच्या बोटांत. आता खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, बाजूला किती नंबर, वर किती? पोरगा हुशार असतो, हात साफ असतो. महिन्याभरानं जावं तर तो दुसऱ्या सलूनला गेलेला असतो.

वर्षाचं धान्य. सुगीला खळ्यावरून उचललेला वाटा, त्यात वर्षभराची घरची सगळी डोकी. न्हाव्याला त्यात कधी पुरेसं मिळालं नाही. भिंतीवर दर लिहिलेला असणं केव्हाही बरं.

अंथरुणावरची दाढी. त्या धान्यातच धरलेली. म्हातारा माणूस घरात पडून असला की चार-आठ दिवसांनी न्हावी आपण होऊन येई. उशीखाली पंचा सारून, मान एका हातावर घेऊन, झोपल्या जागी दाढी करी, नखं काढी, कानामागं पुशी. दाढी झालेल्या म्हाताऱ्याचा चेहरा उजळायचा आणि त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवायचा, हे ज्यांनी घरात दुखणं काढलंय त्यांना ठाऊक आहे. वडील देवासला अंथरुणाला खिळले तेव्हा मी तीन-चार सलूनमध्ये विचारून आलो. सगळ्यांनी अदबीनं नाही म्हटलं. एका कारागिरानं कारण सांगितलं: “भिया, मालक टक्क्यावर ठेवतो. खुर्ची सोडून तासभर गेलो तर तेवढ्या वेळची गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या खुर्चीत जातात.” त्याचं खरं होतं. त्यानं मला दुकानातच उभं करून, स्वतःच्या गालावर दाखवत, सैल पडलेली कातडी कशी ताणून धरायची आणि ब्लेड केसांच्या वळणानं कसं न्यायचं ते शिकवलं. पैसे घेतले नाहीत. वडिलांची दाढी मग शेवटपर्यंत मीच केली.