गाडीचे तोंड उचलण्यापूर्वी



खते, बियाणे, कीड-रोग हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज तुमच्या दारातल्या पिकअपविषयी चार शब्द लिहितो. चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे फोर बाय फोर पिकअप आता आपल्याकडेही आल्या आहेत. चिखलातून मळ्यात जावे, माल भरावा आणि त्याच गाडीने बाजार गाठावा, अशी ही कामाची गाडी. पण तरुण मुलांत हल्ली एक हौस शिरली आहे. गाडीची पुढची बाजू दोन, तीन, चार इंच उचलून घ्यायची.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने हाच हट्ट धरला. "आण्णा, मळ्याच्या वाटेला खालून दगड लागतात. शिवाय गाडी पुढून दबलेली दिसते. चार इंच उचलून घेतो. एका दिवसाचं काम आहे." हा मुलगा जुन्नर तालुक्यातून भाजीपाला भरतो आणि पहाटे माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजाराला जातो. सणावाराला त्याच गाडीत त्याची बायको, मुले आणि आमची म्हातारी आई असते. तेव्हा हा प्रश्न नुसत्या हौसेचा उरला नाही. मी त्याला म्हटले, "बाबा, आधी मोजू, मग ठरवू."

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना 'उलाळ' हा शब्द सांगायला नको. ओझे मागे जास्त झाले की जू वर उचलते आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. पिकअपचेही तसेच आहे. मागे ओझ्यासाठी जाड पाटे असतात. गाडी रिकामी असली की ते तिला मागून उंच धरतात आणि माल भरला की बसतात. म्हणून रिकामी पिकअप थोडी नाकावर झुकलेली असते. तो कारखान्याचा दोष नसून हिशेब आहे. रिकाम्या गाडीकडे पाहून पुढची बाजू मागच्याबरोबर आणली, तर माल भरताच गाडी उलाळ होते. तोंड वर जाते, पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. घाटाच्या वळणावर हे किती घातक, ते मी सांगायला नको.

आम्ही गाडी सपाट खळ्यावर उभी केली, टायरमधली हवा बरोबर केली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजले. एकदा रिकामी गाडी, एकदा क्रेट भरून. रिकामी असताना मागची बाजू अडीच इंच उंच होती. भरल्यावर जवळजवळ सारखी झाली. शिवाय पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा एक इंच खाली निघाले. म्हणजे दबलेले दिसत होते ते खरे होते, पण कारण थकलेली स्प्रिंग हे होते.

आता उचलण्याचे प्रकार समजून घ्या, कारण दुकानदार सगळ्यांना एकच नाव देतो. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांत पुढची दोन्ही चाके स्वतंत्र हलतात. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, मध्ये गोल स्प्रिंग आणि तिच्यातून जाणारा शॉकअब्सॉर्बर. यात सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शॉकअब्सॉर्बरच्या माथ्यावर धातूची चकती बसवणे. शॉकअब्सॉर्बर आर्मच्या मधल्या भागावर टेकलेला असल्यामुळे एक इंचाच्या चकतीने चाकापाशी बऱ्याच गाड्यांत दोन इंचांच्या आसपास फरक पडतो. इथेच माणूस फसतो. चाक खड्ड्यात लोंबकळले की ते कारखान्याने आखलेल्या हद्दीच्याही खाली जाते. मग बॉल जॉइंट ताणतो, एक्सलचा सांधा तिरका होऊन त्यावरचे रबरी बूट फाटते, ग्रीस उडते, माती शिरते आणि सांधा जातो. वरचा आर्म स्प्रिंगला घासतो तो वेगळाच.

दुसरा प्रकार म्हणजे योग्य ताकदीची थोडी उंच स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअब्सॉर्बर, दोन्ही एकाच बनावटीचे आणि त्याच गाडीसाठी केलेले. याला पैसे जास्त पडतात, पण पुढे बंपर किंवा विंच लावून वजन वाढले असेल तर हाच मार्ग बरा. काही गाड्यांत स्प्रिंगऐवजी पिळाचा दांडा असतो. त्याचा बोल्ट आवळला की फुकटात उंची मिळते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात ठणका बसतो. ज्या गाड्यांत पुढेही अखंड एक्सल आणि पाटे असतात, तिथे पाट्यांची कमान नव्याने बसवून घ्यावी. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा मात्र पुढच्या बाजूला कधीही घालू देऊ नका. जोराचा ब्रेक लागला की तो सरकू शकतो.

किती उचलावे? स्वतंत्र चाकांच्या गाडीला दोन इंचांच्या वर जाऊ नये, असे मी सांगतो. त्यापुढे सांध्यांचे कोन बिघडतात आणि ते सुधारायला अर्धी गाडी बदलावी लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वाटेतला दगड बहुधा मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला लागतो. पुढची बाजू कितीही उचला, तो गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याची उंची फक्त टायरने वाढते, आणि तीही टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच. मग दगडासाठी पुढचे तोंड उचलून काय मिळवले?

कायद्याकडेही पाहा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले, की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्याहून वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून काम करण्याआधी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर कागद शोधत बसण्याची पाळी येऊ नये.

हे सगळे पार पाडून कोणी उंची वाढवलीच, तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाहा. पुढची चाके अधांतरी असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावा. ब्रेकचा पाइप, वायर किंवा बूट कुठे ताणत नाही ना, ते बघा. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. लोंबकळत्या चाकावर आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटते. चाकांचे अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद घ्या. उंचीमुळे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होईनासे होते आणि टायर एका कडेने झिजतात. ते तिथेच कळते. दिव्यांचा झोत खाली करून घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. वळणावर वेग पूर्वीपेक्षा कमी ठेवा, कारण उंच गाडी कलंडायला सोपी असते.

आमच्या पुतण्याने शेवटी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर मूळ मापाचे नवे घातले. एकच बदलली असती तर गाडी पुन्हा वाकडी बसली असती. इंजिनखाली लोखंडी पत्रा लावला आणि एका रविवारी भावकीला बोलावून वाटेतले मोठे दगड काढून मुरूम टाकला. चार इंचांचा मोह त्याच्या मनातून पुरता गेला आहे, असे मी म्हणत नाही. मित्रांच्या उंच गाड्या दिसल्या की तो अजून थांबून पाहतो. पण डावी-उजवी बाजू सारखी झाली आहे आणि भरलेली गाडी घाटात तोंड वर करत नाही.

तुमच्या घरातही असा हट्ट निघाला तर मुलावर रागावू नका. त्याच्या हातात टेप द्या आणि गाडी आधी रिकामी, मग भरून मोजायला लावा. गाडीची खरी उंची मालासकट मोजायची असते. आणि चुकला हिशेब तर तो नुसत्या लोखंडावर भागत नाही, आत बसलेल्या माणसांवर येतो.