चाचांचा प्रश्न

मुलांनो, काही शब्द आपल्या गल्लीत आधी येतात आणि त्यांचा अर्थ फार उशिरा येतो. 'क्वांटम' हा असाच एक शब्द. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे वर्ष क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याआधी, एप्रिल 2023 मध्ये, आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा लोकांचा आहे. मग हा शब्दही लोकांना कळायला हवा, नाही का?

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहतो व शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या शेजारी एक वृद्ध चाचा राहतात. चादरीच्या कारखान्यात, जकार्डच्या मागावर त्यांचे सारे आयुष्य गेले. एके संध्याकाळी ते एक छापील कागद घेऊन आले. 'क्वांटम लॉकेट गळ्यात घाला, गुडघेदुखी घालवा!' असे त्यावर लिहिले होते. किंमत दीड हजार रुपये.

"सर, हे क्वांटम म्हणजे काय ते आधी सांगा. मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवतो," चाचा म्हणाले.

मी म्हणालो, "चाचा, मराठीत त्याला 'पुंज' म्हणतात. दूध आपण हवे तेवढे मापून घेतो. अंडी मात्र मोजून घेतो. अर्धे अंडे दुकानदार देत नाही. तापलेली वस्तू ऊर्जा अशीच मोजून, पुंजापुंजाने देते-घेते, असे प्लांक या जर्मन शास्त्रज्ञाने 1900 साली मांडले. प्रकाशही अशा पुंजांचा असतो, असे आइन्स्टाइनने 1905 साली सांगितले. तुमच्या घरातला एलईडी दिवा आणि मोबाईलमधली चिप याच ज्ञानातून तयार झाली आहे."

"मग पेपरात येतो तो क्वांटम कॉम्प्युटर काय आहे?"

"तुम्ही जकार्डची कार्डे हाताळली आहेत. कार्डाला भोक असले तर काय होते?"

"हूक उचलला जातो, दोरा वर येतो. भोक नसेल तर दोरा खालीच राहतो. त्यातूनच तर चादरीवर मोर उमटतो!"

"आपला नेहमीचा संगणकही असाच चालतो. भोक आहे किंवा नाही. 1 किंवा 0. क्वांटम संगणकाच्या कार्डात मात्र, मोजून पाहीपर्यंत, 1 आणि 0 या दोन्ही शक्यता एकत्र नांदतात."

चाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे अर्धं भोक?"

किती नेमका प्रश्न! अर्धे भोक म्हणजेही एक ठरलेलेच भोक झाले. जकार्डची उपमा इथे संपली होती. म्हणून मी त्यांना सिद्धेश्वर तलावाकडे नेले, अर्थात मनाने! "तलावात दोन खडे टाकले, की दोन लाटा पसरतात. त्या एकमेकींना भेटतात, तेव्हा कुठे पाणी जास्त उसळते, तर कुठे लाटा एकमेकींना पुसून टाकतात. क्वांटम संगणकातल्या शक्यताही लाटांसारख्या वागतात. चुकीची उत्तरे पुसली जावीत आणि बरोबर उत्तर उसळून वर यावे, अशी गणिताची मांडणी करावी लागते. हे प्रत्येक कामात जमत नाही. काही अवघड गणिते, औषधांच्या रेणूंचा अभ्यास अशा ठरावीक कामांत त्याचा उपयोग होईल, अशी आशा आहे. शिवाय हा मेळ फार नाजूक असतो. थोड्याशा उष्णतेनेही तो मोडतो. म्हणून असे कित्येक संगणक उणे 273 अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागतात."

चाचा हसले. "आणि हे लॉकेट सोलापूरच्या मे महिन्यात, घामाने भिजलेल्या गळ्यात चालणार!"

"चाचा, केवळ थंड-गरम हा मुद्दा नाही. एलईडी दिवा उन्हाळ्यातही जळतोच. खरे प्रश्न वेगळे आहेत. हे लॉकेट किती रुग्णांवर तपासले? कोणी तपासले? फायदा झाला, हे कशावरून ठरवले?"

त्या कागदावर यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. चाचांनी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी ते गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेले.

मुलांनो, ज्या माणसाने हजारो चादरी विणल्या, त्याची बुद्धी कमी नव्हती. त्याच्या ओळखीच्या वस्तूंतून कोणी हे विज्ञान त्याला सांगितले नव्हते, इतकेच. आपल्या देशात असे सांगणारे थोर लोक होऊन गेले आहेत. सत्येंद्रनाथ बोस हे ढाका विद्यापीठात शिकवत होते. 1924 साली त्यांनी प्रकाशाच्या पुंजांवरचा आपला लेख आइन्स्टाइनकडे पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापवला. एवढा मान मिळालेल्या बोस यांनी पुढे, 1948 साली, बंगाली भाषेतून लोकांना विज्ञान सांगण्यासाठी कोलकात्यात एक परिषद स्थापन केली. महाराष्ट्रात 1966 पासून मराठी विज्ञान परिषद हेच काम करत आली आहे. आणि आपल्या शेजारच्या हैदराबादेत, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात, विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात असे.

आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा कितीतरी भाषा कानावर पडतात. तुम्ही घरी दखनी बोलता, शाळेत उर्दूतून शिकता आणि आता मराठी वाचत आहात. म्हणजे तुम्ही एकच गोष्ट तीन घरांत नेऊ शकता. आज हा पाठ वाचून झाला, की घरच्या मोठ्या माणसांना पुंज म्हणजे काय ते त्यांच्या भाषेत सांगून पाहा. ते प्रश्न विचारतील. एखादे उत्तर येणार नाही, तेव्हा ते वहीत लिहून उद्या वर्गात घेऊन या.