हावड्याचा पूल ओलांडल्यावर

नागपूरहून आलेली गाडी हावड्याला थांबली, की त्या गर्दीत प्रथम जाणवते ती आपली नगण्यता. पूल ओलांडून कॉलेज स्ट्रीटवरील, १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात गेलो. तेथेही तीच जाणीव सोबत आली. वर्षभर मी कोणी बोलावील म्हणून वाट पाहिली आणि एका शिष्यवृत्तीची मुदत गमावली. दोष माझाच. आशुतोष मुखर्जींच्या प्रयत्नांनी १९१९ मध्ये येथेच आधुनिक भारतीय भाषांचे एम. ए.चे अध्यापन सुरू झाले. मराठी बंगालीशेजारी ठेवून वाचण्याची दृष्टी मला त्याच परंपरेने दिली. पण ती दुसऱ्या वर्षी, प्राध्यापकांचे दार मी स्वतः ठोठावल्यावर. नव्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानी ठेवावे : मोठे विद्यापीठ हाक मारीत नाही, आपणच विचारावे लागते.