मामांची वारसा-वाट

आमच्या शिरूरला रेल्वे नाही. लग्न जमवायला आलेली माणसेही "स्टेशनापासून घर किती लांब?" असे विचारून आम्हाला खिजवतात. आम्ही मग कर्नल वॉलेसची १८०९ सालची समाधी पुढे करतो. एका गोऱ्या साहेबाला 'सत्पुरुष' करून नैवेद्य दाखवणारे गाव दुसरे कुठले दाखवा! पण समाधीला डबे जोडता येत नाहीत, हेही खरेच.

उलट आमचे मामा दौंडचे. इंग्रजांनी ज्या गावाचे 'धोंड' केले आणि १८७८ साली मनमाडचा फाटा काढून जंक्शन केले, ते दौंड. मामा रेल्वेत गार्ड होते. सुरुवातीला बारामतीच्या १९१४ सालच्या छोट्या गाडीवर, नंतर मोठ्या लाइनीवर. २०२२ साली रेल्वेने गार्डांचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले, तेव्हा निवृत्तीनंतर मिळालेल्या या बढतीबद्दल मामांनी आळीत पेढे वाटले. पगारात फरक पडला नाही, पण बोलण्यात पडला.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाच्या मंडळाला 'वारसा-वाट' काढायची हुक्की आली. न्यूयॉर्कमध्ये म्हणे बंद पडलेल्या लोहमार्गावर २००९ साली बाग केली आणि लोक तिकडे सहकुटुंब फिरतात. ठराव एकमताने मंजूर झाला. मग चहा आला. चहा पिता पिता कोणाच्या तरी लक्षात आले की, लाइन बंद पडायला ती आधी चालू असावी लागते. अखेर "ज्यांचे मामा दौंडला आहेत त्यांनी लाइन शोधावी" असा पोटठराव झाला. तसे मामा सभेत एकट्या अस्मादिकांनाच होते.

मामांना विषय सांगितला, तर ते ताडकन उठले. मामी गेल्यापासून मी त्यांना असे उठताना पाहिले नव्हते.

"लाइन आहे ना! भिगवणच्या पुढं, डिकसळला."

"चालू आहे का बंद?"

"बुडालेली."

मला वाटले, मामांचे वय बोलते आहे. पण मामांनी ट्रंकेतून शिट्टी काढली, हिरवी झेंडी काढली, आणि झेंडी झटकत इतिहास सांगितला. १८५८ साली पुण्याहून निघालेली गाडी डिकसळपर्यंत येऊन थांबत असे, कारण पुढे भीमा आडवी होती. मग पूल झाला आणि १८६० साली गाडी सोलापूरला पोहोचली. पुढे १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. गावे उठली, देवळे बुडाली, आणि धरणापायी रेल्वेलाही जुना रस्ता सोडून बाजूला सरकावे लागले.

"म्हणजे या वाटेनं चालायचं तर होडी लागणार," मी म्हणालो.

"तुझी मामी त्याच वाटेनं आली," मामा म्हणाले. मग कितीतरी वेळ झेंडीच झटकत बसले. धूळ केव्हाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी जीप करून निघालो. भिगवणला अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा उडाला, पण ते वारसा कुठे सापडतो म्हणून दुसऱ्या बाजूला पाहत होते. डिकसळच्या पुलाशी आलो. जुना, थकलेला, दगडी. मला वाटले होते, शेवाळ असेल, वटवाघळे असतील, उद्घाटनाला जागा असेल. पाहतो तो पुलावरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. पाठोपाठ एक आजीबाई, डोक्यावर कडब्याची पेंढी. मग दप्तरे घेतलेली पोरे. मग बकऱ्या, यांचा वारसा अर्थात आमच्याहून जुना.

अध्यक्षांनी आजींना विचारले, "इथं वारसा-वाट केली तर कसं?"

"काय करनार म्हंजे?"

"म्हणजे लोकांना चालायला."

आजींनी अध्यक्षांना खालपासून वरपर्यंत पाहिले. "मग आमी आता काय करतूया?"

झाले! धरणाने पाणी अडवले, अल्याडची माणसे अल्याड आणि पल्याडची पल्याड झाली. रेल्वे पूल सोडून गेली. लोकांनी तो तसाच उचलून करमाळ्याकडे जायचा रस्ता केला. ना ठराव, ना पोटठराव, ना चहा. न्यूयॉर्कच्या कितीतरी आधी.

मामा मात्र कठड्याशी उभे राहून पाण्याकडे बोट दाखवत होते. "ते तिथं मामीचं गाव. तिथून दोन कोस बैलगाडी, मग स्टेशन. लग्नानंतर तिला आणायला आलो, तर गाडी सुटायची वेळ झाली आणि ही रडत बसलेली आईच्या गळ्यात. त्या दिवशीच्या गार्डानं बघितलं आणि झेंडी खाली घेतली. चार मिनिटं लेट केली गाडी. नोकरीभर माझ्या हातून गाडी उगाच लेट झाली नाही. पण माहेरची पोर रडत असली की माझी शिट्टी अडकायची."

आम्ही गप्प. पाणीही गप्प.

एवढ्यात मागून उसाची गाडी आली, हॉर्न वाजला, आणि सगळे कठड्याला चिकटलो. मामांनी सवयीने हिरवी झेंडी दाखवली. ड्रायव्हरने गंभीरपणे हात वर केला आणि गाडी पुढे गेली.

परतताना अध्यक्ष म्हणाले, "निदान एक पाटी तरी लावू. काय लिहायचं?"

मामा जीपमध्ये डोळे मिटून होते. तसेच म्हणाले, "लिहा, इथं गाडी चार मिनिटं थांबली होती."

ठराव एकमताने मंजूर झाला. पाटी अजून लागलेली नाही, कारण खर्चाचा पोटठराव बाकी आहे. मामा मात्र दर रविवारी फोन करून विचारतात, "काय रे, किती लेट?"