शेवटचे ४८ तास

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात प्रचार पोचतो तो फोनवरूनच. २०२४च्या विधानसभेला आमच्या राजुरा मतदारसंघात सभांपेक्षा मेसेजच जास्त वाट्याला आले. त्याला माझी हरकत नाही. शेतात असलेल्या, सिमेंट कारखान्यात पाळीवर गेलेल्या माणसालाही उमेदवार कळायला हवा.

पण मेसेजला धनी हवा. घाऊक एसएमएस आणि रेकॉर्ड केलेला कॉल निवडणूक आयोगाच्या लेखी जाहिरातच आहे. मजकूर आधी माध्यम प्रमाणन समितीकडून तपासून घ्यायचा, खर्च उमेदवाराच्या ४० लाखांच्या मर्यादेत दाखवायचा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचाही नोंदवावा लागतो.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२६: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचारबंदी. मतदान २० नोव्हेंबरला होतं. १८ तारखेच्या संध्याकाळी प्रचार थांबला, तसे राजकीय एसएमएसही थांबायला हवेत. त्या रात्री एखादी खोटी बातमी फिरली, तर तिचं खंडन करायला वेळच उरत नाही. जिवतीच्या डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या गुड्यावर, म्हणजे पाड्यावर, तर नाहीच. तिथे खोटं एकदा पोचलं की त्यामागून खरं सांगायला जाणारं कोण?

खाजगी नंबरांवरून फिरणारे व्हॉट्सअ‍ॅप निरोप मात्र या गाळणीतून सहज निसटतात. गावातल्या पोरांना मी एवढंच सांगते: पाठवणारा कोण ते दिसत नसेल तर पुढे ढकलू नका, आणि १९५० या मतदार हेल्पलाइनवर तक्रार करा.